एक सिगारेटभर

आमिषाला सकर मासे घ्यायला आलात ना? देतो. मागच्या टाकीत आहेत, चांगले हातभर लांब, आज सकाळीच आणलेले. पण आधी तुमच्या डबीतला तो मोठा गळ इकडे द्या बघू. हं... आजोबांच्या पेटीतला? वाटलंच मला. बसा. सकाळपासून वीज नाही म्हणून कंदील लावलाय, पण शेगडी गरम आहे आणि कॉफी कालची नाही. बर्फ थांबेपर्यंत तुम्ही तळ्यावर जाणार नाही आणि मी जाऊ देणार नाही. अॅशट्रे शोधू नका, या घरात ती नाही. तुम्ही ओढत नाही? मग बरंच झालं.

मस्की कसा पकडायचा, असं विचारलंत. या तळ्यांतला सगळ्यांत मोठा शिकारी मासा तो. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात कुणीही तुम्हाला दहा युक्त्या सांगेल. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात एकच मस्की पाहिलेला असतो, तोही बारमध्ये भिंतीवर ठोकलेला. मी चाळीस वर्षं लोकांना या टॅमरॅक तळ्यावर नेलं. लायल कुजावाच्या होडीत बसलं की मासा मिळतोच, असं लोक म्हणायचे, आणि मी त्यांना म्हणू द्यायचो.

तर ऐका. दोरीच्या टोकाला पोलादी तार बांधा, नाहीतर त्याचे दात दोरी सुतासारखी तोडतात. जाळं मोठं घ्या. गळ कापायची कातर हाताशी ठेवा, होडीच्या तळाशी पसाऱ्यात नको. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे आठ. मस्की आमिषावर झडप घालतोच असं नाही. तो मागे मागे येतो. अगदी होडीपर्यंत येतो, आणि तुम्ही गळ वर उचललात की खाली काळोखात विरून जातो. म्हणून गळ तसाच उचलायचा नाही. काठीचं टोक पाण्यात खुपसायचं आणि होडीला लागून मोठा इंग्रजी आठ काढायचा. एकदा, दोनदा. मागे मासा दिसो वा न दिसो. मागे येणारा वळणावर फसतो. माझ्या हाताला ती सवय इतकी जडली आहे की कॉफी ढवळतानाही चमचा आठच काढतो. हसा, माझी बहीणही हसायची.

राहिला जिवंत आमिषाचा नियम. तो नीट ऐका, कारण तुमचा हा गळ त्याच कामाचा आहे. जुनी पद्धत अशी होती: सकरच्या नाकातून एकच मोठा गळ घालायचा आणि त्याला पाण्यात सोडायचं. मस्की सकरला आडवा धरतो, मग सावकाश फिरवून डोक्याकडून गिळतो. तोवर ओढायचं नाही. आम्ही गाईड लोक गिऱ्हाइकाला सांगायचो, 'एक सिगारेट.' सिगारेट पेटवायची आणि शांतपणे संपवायची. मधे एकदा दोरी दोन बोटांत धरून हळूच ताणून बघायची. जड लागली की समजायचं, गिळतोय. सिगारेट संपली की झटका. गळ थेट पोटात रुतलेला असतो, मासा सुटायचा प्रश्नच नाही. मग फोटो काढायचा, तोंडापाशी दोरी कापायची आणि मासा परत सोडून द्यायचा. तो शेपटी हलवत ऐटीत जातो. गिऱ्हाईक विचारायचं, 'पोटातल्या गळाचं काय?' आम्ही सांगायचो, 'तो गंजतो आणि आपोआप जातो.'

जात नाही. मासा जातो. दहा दिवसांनी, महिन्याने, कुठेतरी लव्हाळ्यात तोंड खुपसून. आम्हाला ते ठाऊक होतं, आणि तरी आम्ही तसंच सांगायचो. आता त्या पद्धतीला बंदी आहे. सकरच्या अंगाला दोन लहान गळ लावायचे आणि मस्कीने धरलं की लगेच झटका द्यायचा. गळ ओठात अडकतो, काढता येतो, मासा जगतो. कधी कधी सुटतोही. सुटू द्या हो त्याला.

हे शहाणपण माझं नाही. हाल्वरचं आहे. हाल्वर ट्वाइट, माझ्या बहिणीचा, मार्लिसचा नवरा. त्यांचं घर त्या समोरच्या चढावर, इथून दिवा दिसायचा. हाल्वर तोंडात सतत ज्येष्ठमधाच्या काळ्या, खारट गोळ्या ठेवायचा. मार्लिस म्हणायची, 'मी डांबराशी लग्न केलंय.' तीस वर्षं आम्ही दोघं एका होडीत बसलो आणि तीस वर्षं भांडलो.

एका वर्षी बर्फ वितळल्यावर तो माझ्याकडे आला आणि त्याने या टेबलावर एक गंजका गळ टाकला. गळाच्या दांडीला लाल दोरा होता. मी माझ्या प्रत्येक गळाला लाल दोरा गुंडाळायचो, खूण म्हणून.

"हा तुझा," तो म्हणाला.

"कुठे सापडला?"

"तू ठेवला होतास तिथेच. चार फुटांची मादी होती, लायल. अंड्यांनी भरलेली."

"मासे मरतातच, म्हाताऱ्या. तूही मरशील."

"मरेन की. पण तुझ्या होडीत नको, एवढं बघ. तिथे धड बसायला जागा नसते, मरायचं कसं?"

आम्ही हसलो. मी तो गळ घासूनपुसून पुन्हा पेटीत ठेवला. मी हट्टी माणूस आहे. बंदी आल्यावरही, गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी जुनाच गळ लावायचो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर संपत आला होता, मोसमाचे शेवटचे चार दिवस. वारा नाही, आकाश स्वच्छ, तळ्याच्या कडेला काचेएवढा पातळ बर्फ. आम्ही दोघंच निघालो होतो. तळ्यात एक मोठी मादी होती, डाव्या कल्ल्यावर पांढरा डाग असलेली. आम्ही तिला 'बाई' म्हणायचो. नऊ वर्षं ती आमच्या होडीच्या मागे आली होती आणि नऊ वर्षं एकदाही तिने तोंड उघडलं नव्हतं.

सकाळपासून हाल्वर गप्प होता. मधेच म्हणाला, "बरगड्यांखाली जळजळतंय रे."

"मार्लिसची मिरची. आपोआप जाईल," मी म्हणालो.

माझे शब्द अगदी तेच होते. मी ते नंतर पुष्कळदा आठवून बघितले आहेत.

तीनच्या सुमाराला आम्ही खडकाच्या उंचवट्यावर होतो, मार्लिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोबर समोर. माझ्या दोरीवरचा लाल तरंगता फ्लोट एकदा डुलला आणि सरळ खाली गेला. दोरी सरकायला लागली, संथपणे, घाई नसल्यागत. अशी दोरी फक्त मोठा मासा नेतो.

"बाई आहे," मी कुजबुजलो.

"झटका दे," हाल्वर म्हणाला.

"छे. एक सिगारेट."

मी सिगारेट पेटवली. त्याच्याकडे माझी पाठ होती, डोळे दोरीवर. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "लायल... मला घरी सोड."

"आता?"

"हं... आत्ता. तिकडे... बरं नाही वाटत."

"इंजिन लावलं तर दोरी ताणली जाईल, बाई आमिष थुंकून टाकेल. नऊ वर्षं, हाल्वर! एवढी एक सिगारेट."

तो पुन्हा काही बोलला नाही. मला वाटलं, रुसला. खिडकीपर्यंतचं अंतर इंजिनने चार मिनिटांचं. सिगारेट सात मिनिटांची. मी ती सबंध ओढली, शेवटच्या झुरक्यापर्यंत, आणि झटका दिला.

बाई आली. तिला होडीपाशी आणायला मला पंधरा मिनिटं लागली आणि त्या पंधरा मिनिटांत मी तोंडाने सारखा बडबडत होतो. 'बघितलंस का? काय म्हणालो होतो!' तिचं डोकं माझ्या मांडीएवढं रुंद होतं. मी ओरडलो, "जाळं!" जाळं आलं नाही. मी पुन्हा ओरडलो. मग मागे वळलो.

तो बसलेलाच होता. एक हात बरगड्यांखाली होता आणि दुसरा घराच्या दिशेने, होडीच्या काठावर पडलेला. ओठांच्या कोपऱ्यातून ज्येष्ठमधाची काळी रेघ उतरली होती. मी दोरी कापली. लाल दोऱ्याचा गळ पोटात घेऊन ती खाली गेली.

डॉक्टरांना मी विचारलं, थोडा आधी आणला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. 'वाचला नसता' म्हणाले असते तर मी झोपलो असतो. 'वाचला असता' म्हणाले असते तर रडलो तरी असतो.

आणि मार्लिसला मी काय सांगितलं? एका क्षणात गेला. बोलता बोलता गेला. त्याला काही कळलंच नाही. लोक असं सांगतातच, त्यात दया असते. पण माझ्या सांगण्यात दया नव्हती, कारण आठवड्याभराने ती म्हणाली, "मी खिडकीत भांडी पुसत होते, लायल. त्याने हात वर केला होता. मला वाटलं, मला हात दाखवतोय. मी पण फडकं हलवलं, हसून हलवलं. तो... तो मला बोलावत होता का रे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. 'तो माझ्याशी बोलत होता, मार्लिस. घरी सोड म्हणत होता आणि मी ऐकलं नाही. तुझा त्यात काही दोष नाही.' तीन वाक्यं. त्यांनी ती सुटली असती. पण ती सुटली असती आणि मी अडकलो असतो. मी म्हणालो, "छे, हात दाखवत होता. मग एका क्षणात..." तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला नाही, ते मला दिसलं. त्या दिवसापासून तिने त्या खिडकीचा पडदा खाली ओढून टाकला. दिवसाही दिवा लावून ती भांडी पुसायची. माझं पाप माझ्या बहिणीने फडक्यात बांधून घेतलं आणि मी बघत राहिलो.

वर्ष गेलं. पुन्हा नोव्हेंबर आला. मार्लिसचा फोन आला, "तळं गोठायच्या आत हाल्वरची होडी काढून दे ना. मला त्या धक्क्याकडे जाववत नाही." काम साधं होतं. तिच्या धक्क्यावरून होडी घ्यायची, पलीकडच्या उतारावर न्यायची, तिथे माझी गाडी आणि ट्रेलर उभा होता. मी ठरवलं, होडी काढायची, तिच्या घरी जायचं आणि आज सांगून टाकायचं.

दुपारी अडीचला निघालो. धुकं इतकं दाट की होडीचं नाकही दिसत नव्हतं. बर्फाची भुरभुर नुकती सुरू झाली होती. इंजिन नीट चाललं होतं आणि मग एकदम बंद पडलं. पेट्रोल भरपूर होतं. दोरी ओढून ओढून खांदा दुखला. शेवटी मी वल्ही घेतली. वल्ह्याचं टोक कशावर तरी खरखरलं. खडक. धुक्यात मी बरोबर त्याच उंचवट्यावर आलो होतो.

तिथे काहीच आवाज नव्हता. वल्ह्यावरून निथळणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. मग माझ्या पाठीमागे बाकाची फळी करकरली, माणूस बसता बसता जागा बदलतो तशी. आणि वास आला. ओल्या लोकरीचा... आणि ज्येष्ठमधाचा.

मी वळून बघितलं नाही. तुम्ही म्हणाल, भित्रा. भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज होती. त्या दिवशीही मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. आता कुठल्या तोंडाने वळू?

मी खाली पाण्यात बघितलं. माझ्या वल्ह्यामागे, हातभर खाली, एक लांब अंग संथपणे येत होतं. डाव्या कल्ल्यावर पांढरा डाग. तोंडातून दोरीचा कापलेला तुकडा लोंबत होता. पोटात तो गळ घेऊन वर्षभर कुठलाही मासा जगत नाही, हे मला तुम्हाला शिकवायला नको. तिचा डोळा दुधाळ झाला होता. आणि माझ्या हाताने, चाळीस वर्षांच्या सवयीने, मला न विचारता पाण्यात वल्ह्याने आठ काढला. ती वळली. पुन्हा काढला. ती पुन्हा वळली.

"लायल..." मागून आवाज आला. हळू, दम लागलेल्या माणसाचा. "एक सिगारेट..."

"सांगतो तिला," मी म्हणालो. "आज सांगतो. हाल्वर, आईची शपथ, आजच सांगतो..."

फळी पुन्हा करकरली. वास विरला. पाण्यात बघितलं तर खाली नुसता खडक होता. इंजिन पहिल्या ओढीला सुरू झालं.

होडी काढली, ट्रेलरवर चढवली, गाडी मार्लिसच्या घराखाली उभी केली आणि सरळ चढ चढून दार वाजवलं. एवढं मला स्पष्ट आठवतंय. सरळ गेलो आणि दार वाजवलं. साडेचार वाजले होते, अंधारलं होतं. तिने हरणाच्या मटणाचं सूप गरम केलं होतं. मी बसलो. तोंड उघडलं.

"मार्लिस, हाल्वर त्या दिवशी..."

ती घाईने म्हणाली, "त्याला काही कळलं नाही ना रे? एवढं एकच मी धरून बसलेय, लायल. तेवढं काढून नको घेऊस."

आणि मी सूप गिळलं. गिळलं आणि म्हणालो, "एका क्षणात गेला."

बघा, तिनेच मला अडवलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मी अडवायचीच वाट बघत होतो.

निघताना तिने दारातला दिवा लावला. बर्फ थांबला होता. ती म्हणाली, "एक विचारू? मघाशी आल्यावर तू बाहेर असा का फिरत होतास? चांगली दहा मिनिटं. मी हाकाही मारल्या."

"मी? मी तर सरळ आलो."

तिने नुसता हात केला. पायरीखालच्या ताज्या बर्फात माझ्याच बुटांचे ठसे होते, दुसऱ्या कुणाचे नाहीत. पायरीपर्यंत आलेले, वळलेले, पुन्हा आलेले, पुन्हा वळलेले. आठ. एकावर एक किती तरी आठ. आणि ठशांच्या पुढे, प्रत्येक वळणावर, बर्फात एक बारीक रेघ उमटली होती, कुणीतरी दोरी ओढत पुढे चालल्यागत.

"कुणाच्या मागे फिरत होतास रे?" तिने हळूच विचारलं.

घरी आलो. त्या संध्याकाळी बरगड्यांखाली पहिल्यांदा कळ आली.

डॉक्टरांनी दोनदा फोटो काढले. काही नाही म्हणतात. आपोआप जाईल म्हणतात. पण दुपारचे तीन वाजले की आतून काहीतरी हलकंच ताणलं जातं, तळ्याच्या दिशेने. जोराने नाही. दोन बोटांत धरून बघावं, तेवढंच.

मार्लिस गेल्या मार्चमध्ये गेली. शेवटचे दोन दिवस मी तिच्या उशाशी होतो. बोलणं अस्पष्ट झालं होतं. चादरीवर तिचा उजवा हात एकसारखा हलत होता, डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे. नर्स म्हणाली, औषधामुळे होतं असं. मला ठाऊक होतं, ती फडकं हलवत होती. मी तिच्या कानाशी वाकलो, तीन वाक्यं जिभेवर होती. म्हटलं, जरा जागी होऊ दे, मग सांगू. थोडी वाट बघू. वाट बघण्यात मी पहिल्यापासूनच हुशार. ती जागी झाली नाही.

तिला सांगायचं होतं ते आज तुम्हाला सांगितलं, अनोळखी माणसाला, मासे पकडायला आलेल्या. त्याने काही सुटत नाही. तुमचा हा गळ मी ठेवून घेतो. दोन लहान देतो त्याबदली. मासा लागला की लगेच झटका द्या, आणि होडीत कुणी घरी सोड म्हणालं तर दोरी कापा.

हाल्वर गेला त्या दिवसापासून मी सिगारेट ओढलेली नाही. या घरात दुसरं कुणी नाही. तुम्ही मघापासून नाक का आक्रसताय आणि सारखे माझ्या पाठीमागे का बघताय, ते मला समजतंय हो. मी वळणार नाही. धुराच्या वासावरून सांगतो, अजून अर्धी बाकी आहे.